खंडेनवमीला सोडलेले बोल्ट

लातूर नवाच जिल्हा झालता. नव्या जिल्ह्याला सवलती म्हणून मोटारीच्या ब्रेकचे भाग करणारा कारखाना आला आन् मी लेथवर लागलो. कामापेक्षा नकलेतच माझा हात साफ. मॅनेजरसाहेब पुण्याचे, नाकात बोलायचे. त्यांनी पाठ फिरवली की मी चालू, "मंडळी, शिस्त म्हणजे शिस्त!" सगळं शेड हसायचं. मला लेथ शिकवलेले मिस्त्री तेवढे तोंड दाबून हसायचे.

दुष्काळाच्या साली खंडेनवमी आली. त्या दिवशी आम्ही मशिनी पुजतो. साहेब म्हनले, "यंदा पूजा थाटात करू. मशिनी पायापासून सोडवा, खालूनसुद्धा पुसा, भरपूर ग्रीस लावा. बोल्ट दसऱ्यानंतर आवळू."

मिस्त्री पान्हा घेऊन तसेच उभे. "बोल्ट कशाला सोडायचे रे? पूजेला कुनी देव उखडतंय का?"

मी नाक दाबलो. "मिस्त्री, श्रद्धा ठेवा! शंका नको!"

समदे हसले. "गप ये माकडा," म्हनत मिस्त्रीबी हसले आन् पहिला बोल्ट सोडले. दुपारपर्यंत झाडून सगळ्या मशिनी मोकळ्या. हळद-कुंकू वाहिलो, नारळ फोडलो. साहेबांनी सोताच्या हातानं पेढे वाटले. "चार दिवस सुट्टी. मजा करा."

सुट्टी संपवून आलो तर गेटला कुलूप. वर कागद, 'पाण्याअभावी कारखाना बंद'. फटीतून बघितलो. आत नुसते सिमेंटचे चौथरे आन् टायरचे वळ.

"पाणी?" मिस्त्री म्हनले. "लेथला लागतंय किती पाणी? घागरभर मी घरून आनलो असतो की!"

वॉचमन खाली बघून बोलला, "दसऱ्यालाच ट्रक आले, काका. क्रेनवाला लई खूश. म्हनला, सगळं सोडूनच ठेवलंय."

बंद करायचा तर करा की. पन आमच्याच हातानं, आमच्याच पूजेच्या नावानं करून घेतले, ते लागतंय. पेढाबी गोड होता, काय सांगू.

मिस्त्री माझ्याकडं वळले. वाटलं, आता कानाखाली बसतीय. पन ते हळूच इचारले, "खरं सांग. साहेब तुला आधीच सांगून ठेवलते का?"

"आईच्यान न्हाई, मिस्त्री!"

ते तसेच वळले आन् घराकडं चालाय लागले.

पुढच्या हप्त्यात रोजगार हमीच्या खडीवर आमी दोघंबी होतो. मी जवळ जाऊन बसलो. मिस्त्री हातोडा उचलले आन् पलीकडच्या ढिगाऱ्यावर जाऊन बसले.