शालीकरामची तालीम

पडदा वर जातो. गोंदियाजवळच्या मुर्री गावातलं शेणाने सारवलेलं अंगण. उन्हाळ्यातली दुपार. ओसरीवर रुख्माबाई मांडीवर सूप घेऊन बिड्या वळते आहे. खांबाला टेकून नुकताच मॅट्रिक झालेला जागेश्वर इंग्रजी पुस्तकात डोकं घालून बसला आहे. आणि उजवीकडून, फेटा तिरपा बांधून, मिशीला पीळ देत प्रवेश करतो त्याचा बाप शालीकराम. व्यवसाय धानाची शेती. आजची भूमिका, नागपूरचा वाया गेलेला पोरगा.

गोष्ट दुसऱ्या मोठ्या लढाईच्या थोडी आधीची. मुर्रीतून नागपूरच्या कॉलेजात जाणारा जागेश्वर हा पहिलाच. फुलचूरच्या केशोरावांनी शालीकरामच्या कानात भरवून ठेवलं होतं, की तिथली पोरं पहिल्या महिन्यात बिडीला लागतात, दुसऱ्यात दारूला, आणि तिसऱ्यात बापाचं नाव विसरतात. रुख्माबाईने तर हातातली बिडी सुपात टाकून सुनावलं होतं, "माझा भाऊ चैतराम गांजापायी गेला. ह्या पोराच्या सदऱ्याले धुराचा वास आला, त्या दिवशी कॉलेज बंद. मंग नांगर धरेल." घरभर तंबाखू पसरलेला असायचा, पण कच्च्या तंबाखूचा वास कोणता आणि जळल्याचा कोणता, हे तिच्या नाकाला कोणी शिकवायला नको होतं.

शालीकराम स्वतः निर्व्यसनी. घरोघरी बिड्या वळणाऱ्या गावात हा मोठा मान, आणि हा मान तो वाटेने जाणाऱ्यालाही ऐकवायचा. मात्र गावच्या दंडारीत, म्हणजे रात्रभर रंगणाऱ्या लोकनाट्यात, दुष्ट प्रधान कायम तोच. त्याचा हिशेब सरळ होता. "भाषन पोरगा विसरते. तालीम विसरत नाही."

नकाराची तालीम सुरू झाली. दारूच्या जागी ताक चाललं, ते रुख्माबाईच्या देखतही. बिडी मात्र खरी हवी. विझलेल्या बिडीला कोण भुलणार? रुख्माबाई पाण्याला गेली की सुपातली एक उचलायची आणि पेटवायची.

"घे रे दोस्ता, एक झुरका!"

"नाही जी, मी पीत नाही."

"अबे, मले 'जी' काऊन म्हनून राहिला? मी तुझा दोस्त आहो!"

"नाही बे, मी पीत नाही."

"बापाले 'बे' म्हनतेस?"

जागेश्वरने पुस्तक मिटलं. "बाबा, तुमी आदी ठरवा, तुमी कोन आहा."

दंडारीतल्या प्रधानाचा एक नियम होता. मोहात पाडायचं तर तीनदा विचारायचं. "पयल्या डावाले कोनीबी नाही म्हनते," शालीकराम समजावायचा. "तिसऱ्याले कळते, कोन किती पान्यात आहे." म्हणून तो तीनदा विचारी, आणि दर वेळी भूमिका रंगावी म्हणून एक झुरका घेऊन धूर पोराच्या अंगावर सोडी.

आठवड्याभरात पोराचा नकार पक्का झाला. तालीम मात्र वाढत गेली. सकाळी एक, जेवणानंतर एक, बैलांना पाणी पाजून आल्यावर एक.

"बाबा, मले पाठ झाला."

"तुले झाला. मले कुठी झाला?" बाप काडी ओढत म्हणाला.

नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी रुख्माबाई पेटीत सदरे भरत होती. एक सदरा तिने नाकाशी नेला आणि थांबली. मग शांतपणे पेटीतले सगळे कपडे बाहेर काढू लागली.

"जाग्या, नांगर धर."

"आई, मी नाही ओढली!"

"मंग सदरा ओढते का बिडी?"

जागेश्वरने बापाकडे बघितलं. शेजारची वच्छला कुडावर चढून डोकावली. शालीकरामने फेटा सावरला. बोलावं तर जन्माचा मान जातो. गप्प राहावं तर पोराचं कॉलेज.

"मी ओढली," तो म्हणाला. "पन मी नाही. नागपूरच्या पोरानं."

"कोनत्या पोरानं?"

"जो मी होतो, तो."

रुख्माबाई उठली. "आ करा." भर अंगणात, वच्छलाच्या देखत, गावच्या निर्व्यसनी माणसाने आ केला. तिने वास घेतला, पदर नाकाला लावला आणि त्याच्या फेट्यात हात घालून कानामागे खोचलेली बिडी काढली.

"ही कोनत्या अंकासाठी?"

वच्छला हसता हसता कुडावरून पडली. रुख्माबाईने सदरे पुन्हा घडी करून पेटीत भरले. पोरगा जाईल, असं ठरलं. आणि ज्याला तालमीची गरज आहे त्याची तालीम उद्यापासून तीच घेईल, असंही ठरलं.

दुसऱ्या दिवशी गोंदियाच्या स्टेशनवर गाडी लागली. शालीकरामने मोठा उपदेश घोकून आणला होता. पोराला डब्यात चढलेलं पाहिलं आणि त्यातलं एकही वाक्य आठवेना. तेव्हा जागेश्वरनेच खिडकीतून हात बाहेर काढला. हातात आईने दिलेली बिडी होती.

"घे रे दोस्ता, एक झुरका!"

सारा फलाट बघत होता. रुख्माबाई बघत होती. शालीकरामचे डोळे भरून आले, बोटं वळवळली. छाती काढून तो दंडारीच्या आवाजात गरजला, "नाही! मी पीत नाही!"

जागेश्वरने बिडी आईच्या हातात दिली. शिट्टी झाली. गाडी हलली. शालीकराम खिडकीबरोबर धोतर सावरत धावू लागला, आणि फलाट संपता संपता ओरडला,

"अबे जाग्या, एकदाच काऊन विचारला? मी त तुले तीनदा विचारत होतो!"