ताईचा जिन्याखालचा वर्ग

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा माझी बस वरसाव्याच्या पुलाच्या अलीकडे अडकली होती. शनिवार होता, आणि शनिवारी ठाण्याहून भाईंदरला तिच्याकडे जायचं हा माझा पाच वर्षांचा नेम. फोन तिच्या शेजारणीचा, मीनाबेनचा. "भाई, जल्दी आओ," त्या म्हणाल्या, मग जरा थांबून, "दीदी नहीं रही..." सकाळी छातीत कळ आली, रिक्षाने दवाखान्यात नेलं, पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यानंतर पाऊण तास बस जागची हलली नाही. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, आणि शेजारी बसलेला माणूस मला पुन्हा पुन्हा विचारत होता, काशीमिरा अजून किती लांब आहे. मी त्याला काय सांगितलं ते आठवत नाही. चोपन्न हे काही जायचं वय नव्हे. पण तिच्या जाण्यावर मला हा लेख लिहायचा नव्हता. दुःख घरात ठेवावं, असं आमच्या घराचं वळण. लिहायला बसवलं ते एका फळ्याने.

चौथ्या दिवशी तिचे कागद आणायला भाईंदर पश्चिमेला गेलो होतो. वाटेत तिची शेवटची शाळा लागते. फाटकाशेजारच्या फळ्यावर रंगीत खडूंनी, कडेने फुलं काढून लिहिलं होतं : 'शाळेच्या उपक्रमशील शिक्षिका आणि विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन लेखनाच्या प्रणेत्या शैलजाबाई यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' मी तिथेच उभा राहिलो. ज्या शाळेने या लेखनापायी तिला अपमान करून घालवलं, त्याच शाळेने तिला प्रणेती केलं होतं, आणि तेही तिचा श्वास थांबल्यावर, म्हणजे ती उलटून बोलणार नाही याची खात्री झाल्यावर. तळहाताने तो फळा पुसावा असं फार वाटलं. वॉचमन म्हणाला, "साहेब, अ‍ॅडमिशनचं काम असेल तर उद्या सकाळी या." मी निघून आलो. फळा न पुसता आलो, याचा राग मला अजून येतो.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. वडील रत्नागिरीहून मुंबईत आले, आणि आम्ही भावंडं मोठी झाल्यावर घर शहराबाहेर सरकत सरकत भाईंदरला येऊन थांबलं. तिने लग्न केलं नाही. वीस वर्षं ती साध्या शाळेत मराठी शिकवत होती, आणि कडक बाई म्हणून तिची ख्याती होती. ती नोकरी सोडून पंचेचाळिसाव्या वर्षी ती विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम करायला गेली तेव्हा नातेवाइकांनी तिला वेड्यात काढलं. एका काकांनी तर लग्नाच्या पंगतीत सगळ्यांदेखत विचारलं, की शहाण्यांना शिकवून कंटाळलीस का? खरं कारण तिने मला एकट्याला सांगितलं होतं. तिच्या वर्गात एक मुलगा होता, तोंडी सगळं यायचं, पण वाचायला उभा केला की गप्प. आळशी म्हणून तिने त्याला वर्षभर बाकावर उभं केलं. पुढे कुठल्याशा शिबिरात तिने अक्षरं उलटसुलट दिसणाऱ्या मुलांबद्दल ऐकलं, आणि घरी येऊन जेवली नाही. "अरे, तो आळशी नव्हता रे," ती म्हणाली. "मी अडाणी होते." तो मुलगा तोवर शाळा सोडून गेला होता. तो तिला पुन्हा सापडला नाही.

अभ्यासक्रम झाल्यावर या फळ्याच्या शाळेने तिला वर्षावर्षाच्या कराराने घेतलं, कारण तपासणीला आलेल्यांना विशेष शिक्षिका दाखवावी लागते. खोली दिली ती जिन्याखालची. खेळाचं सामान ठेवायची जागा, खिडकी नाही, दिवसा दिवा लावायचा. बारा-तेरा मुलं आळीपाळीने तिच्याकडे यायची. बाकीचे शिक्षक त्या वर्गाला काय म्हणत ते मी इथे लिहीत नाही. मुलांना ते ठाऊक होतं, एवढं पुरे. या मुलांच्या हाती पेन्सिल देणं म्हणजे शिक्षा. लिहिलं की लाल खुणा, पुन्हा लिहा, पुन्हा लाल खुणा. ताईच्या डोक्यात आलं, की लिहिलेलं जर फक्त चुका काढणाऱ्यालाच दाखवायचं असेल, तर शहाणं माणूस लिहीलच कशाला? तेव्हा इंटरनेटवर मराठीत लिहायची सोय नुकती होऊ लागली होती. तिने मला गाठलं. मी ठाण्यात एका कंपनीत पत्रव्यवहार सांभाळतो, टायपिंग येतं. मुलांचं लिखाण ब्लॉगवर घालायचं, मुलांनी आपापली टोपणनावं घ्यायची, आईवडिलांची लेखी संमती घ्यायची, शाळेचं नाव कुठेही येऊ द्यायचं नाही. हे सगळं तिनेच ठरवलं. एवढ्यासाठी सांगतो, की पुढे तिच्यावर बेजबाबदारपणाचा आरोप झाला.

या कामातली पहिली मोठी चूक माझी. उत्तनची एक मुलगी होती, आठवीतली ग्रेसी. बाप बोटीवर, आई भाईंदरच्या बाजारात मासे विकायची. ग्रेसीने तीन आठवडे घेऊन अर्धं पान लिहिलं होतं. अक्षरं ताईलाच लागायची, म्हणून तिने मला वाचून दाखवलं. त्यात एक ओळ होती : 'बोंबील सुकाला घातले का आय मना इचारते, आज वारा कसा हाय. मना वाचता येत न्हाय, पन वारा कलते.' मी टाइप केलं ते असं : 'मला वाचता येत नाही, परंतु वाऱ्याची दिशा मला समजते.' चांगलं करून दिलं, असंच मला वाटत होतं. पुढच्या शनिवारी ग्रेसी आईबरोबर ताईच्या घरी आली, कॉम्प्युटरपुढे बसली, आणि बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचू लागली. पाच मिनिटं झाली असतील. जिला वाचता येत नाही असं शाळेच्या प्रगतिपुस्तकात लिहिलेलं होतं, तिने त्या ओळीवर बोट थांबवलं आणि म्हणाली, "या माजा न्हाय."

ताईने माझ्याकडे पाहिलं. माझ्या सगळ्या आयुष्यात ती माझ्यावर इतकी चिडलेली मी पाहिली नव्हती. शुद्धलेखन मुलाला हवं असेल तर मी त्याच्यासोबत बसून सुधारीन, पण शब्द त्याचे, असं ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "लोकांनी हिच्याकडून सगळं काढून घेतलंय. तू बोलणंही काढून घेतोस?" मी ग्रेसीची माफी मागितली आणि तिच्यासमोर सगळं पुन्हा टाइप केलं.

त्या ओळींना महिन्याभराने एक उत्तर आलं. कुणी बाई होत्या, परदेशी राहणाऱ्या. त्यांनी विचारलं होतं, की पाऊस असला की बोंबील कुठे वाळवता? आता उत्तर द्यायचं तर लिहायला हवं. ग्रेसीने वर्गात येऊन कुणी न सांगता पेन्सिल उचलली आणि चार ओळी लिहिल्या. मग त्या बाईंनी आणखी विचारलं. वर्षभरात तिने दोन वह्या भरल्या. बाकीची मुलंही लागली. कुणी पाण्याच्या टँकरवर लिहिलं, कुणी आजोबांच्या खोकल्यावर. ग्रेसीच्या आईला लिहितावाचता येत नव्हतं. तिने माझ्याकडून कागदावर छापून घेतलं आणि बाजारात गिऱ्हाइकांकडून वाचून घेऊ लागली. ताईला एकदा म्हणाली, "माजे पोरीला सगले येरीखुली बोलत व्हते. आता त्यांनाच वाचाला लावते मी."

शाळेत मात्र कुणी ते वाचलं नाही. वाचलं ते तेव्हा, जेव्हा ग्रेसीने 'आमचा वर्ग' लिहिलं. सहाच ओळी. 'आमचा वर्ग जिन्याखाली हाय. वरशी पोरा धावतान तवा आमचे डोक्यावर धावतान. बाई गप रेतान. पोरा गेली का परत बोलतान. आमी पन गप रेताव. आमाला सवय झाली.' एवढंच. त्यात तक्रार नाही, नाव नाही. पण वाचणाऱ्यांनी अंगावर काटा आल्याचं लिहिलं, कुणी बोलीवरून गाव ओळखलं, एका स्थानिक साप्ताहिकाने ते उचललं, आणि संस्थेच्या एका विश्वस्तांनी ताईला बोलावून घेतलं. त्यांचं म्हणणं तिने घरी येऊन मला सांगितलं. अशा मुलांचं असलं अशुद्ध लिखाण चव्हाट्यावर मांडून तुम्ही शाळेची अब्रू घालवताय, पालक प्रवेश घेताना विचार करतील. जिन्याखाली मुलं बसतात याने अब्रू जात नव्हती, ती कुणी लिहिल्यावर जात होती. ताई त्यांना म्हणाली, "जिना तुमचा आहे, साहेब. तिने फक्त त्याच्याखाली बसून लिहिलंय."

मग त्यांनी तिला जिथे दुखेल तिथे धरलं. ग्रेसी तेव्हा नववीत होती. शाळेला दहावीचा शंभर टक्के निकाल फाटकावर लावायचा असतो, आणि त्यासाठी नापास होईल अशी शंका असलेल्या मुलांच्या हातात नववीतच शाळा सोडल्याचा दाखला ठेवायचा, हा उघड धंदा आहे. ज्या पालकांना वाचता येत नाही ते अंगठा लावून दाखला घेऊन जातात. ताईला सांगण्यात आलं, की ते लिखाण काढा, मग मुलीला दहावीला बसवू. ग्रेसीच्या आईला विचारलं, ती म्हणाली काढा, बाई, पोरीची परीक्षा महत्त्वाची. ग्रेसीला विचारलं, तिने वही मिटून पिशवीत घातली. शेवटी ताईने ते सहा ओळींचं पान काढून टाकलं. मी शेजारी होतो. मी म्हटलं, बरोबर केलंस. ती म्हणाली, "बरोबर नाही रे. फक्त गरजेचं."

आणि एप्रिलमध्ये शाळेने ग्रेसीच्या हातात दाखला ठेवला. विचारायला गेलेल्या ताईला त्या विश्वस्तांनी उलट विचारलं, की तसं कुणी लेखी दिलं होतं का? हे जे गृहस्थ होते, तेच परवाच्या शोकसभेत बोलले. मी मागच्या खुर्चीत बसून ऐकलं. ताईला ते दीपस्तंभ म्हणाले. डोळ्यांना रुमाल लावला. मला कुणाच्या दुःखावर शंका घ्यायची सवय नाही, पण त्या रुमालावर मी घेतो.

ग्रेसीला दाखला मिळाला त्याच दिवशी ताईने घरी येऊन ते पान पुन्हा चढवलं. जूनमध्ये तिचा करार पुढे वाढवला गेला नाही. कारण दिलं नाही, द्यावं लागतही नाही. तिने घरातली बाहेरची खोली रिकामी केली, फोल्डिंगच्या खुर्च्या घेतल्या, आणि दर शनिवारी चार वाजता वर्ग सुरू केला. ग्रेसीचा बाहेरून परीक्षा देण्याचा अर्ज तिने भरला. जादा वेळ आणि लेखनिक मिळावा म्हणून लागणाऱ्या दाखल्यासाठी ती ग्रेसीला घेऊन मुंबईतल्या सरकारी इस्पितळात अकरा वेळा गेली. अकरा, कारण दर वेळी एक सही कमी असायची. ज्या मुलीला अक्षरं दमवतात, तिने ती दमते हे सिद्ध करायला इतके फॉर्म भरायचे, असला हा कारभार. ग्रेसी पहिल्या वेळी गणितात गेली, ऑक्टोबरमध्ये सुटली. निकालाच्या दिवशी तिची आई ताईकडे पापलेटं घेऊन आली, आणि शाकाहारी मीनाबेननेही त्या दिवशी नाकाला पदर लावला नाही.

शोकसभेनंतर एका पत्रकाराने मला विचारलं, ती मुलगी आता काय करते? मी खरं ते सांगितलं. ती आईबरोबर मासे विकते. आणि लिहिते. तो जरा हिरमुसला. मला त्याचाही राग आला. धडधाकट माणसाने चार ओळी लिहिल्या तर आपण त्याला विचारत नाही, की यातून तुला नोकरी लागली का? या मुलांनी मात्र लिहायचं तर मोबदल्यात काहीतरी चमत्कार करून दाखवायचा. ताई म्हणायची, की मुलांना बोलायचं होतं, ती बोलली, कुणीतरी ऐकलं. त्याला आणखी काय फळ लागायला हवं?

ती गेल्यानंतरच्या तिसऱ्या शनिवारी मी घर आवरायला गेलो. कॉम्प्युटर झाकून ठेवायचा, खुर्च्या कुणाला तरी द्यायच्या, असं ठरवून गेलो होतो. चार वाजता बेल वाजली. दारात प्रणाली उभी. नऊ वर्षांची, मूळच्या रायगडकडच्या एका कुटुंबातली, वर्गात सगळ्यांत शेवटी दाखल झालेली. आई खाली थांबली होती. हातात घडी घातलेला कागद. मला वाटलं हिला कुणी सांगितलं नाही. मी खाली वाकून म्हटलं, बाळा, बाई आता नाहीत.

"माहितीये," ती म्हणाली. "पण मी लिहिलंय ना."

मी तिला आत घेतलं. एक खुर्ची उघडली. कागदावर पाचच ओळी होत्या, लिफ्ट बंद पडली तेव्हा तिने एकटीने चढलेल्या सहा मजल्यांबद्दल. एकेक शब्द मी तिला विचारून टाइप केला, ती माझ्या खांद्याशी उभी राहून बघत होती. एक वेलांटी तिला हवी तशी होईना, ती दोनदा बदलली. झालं. मी ते चढवायला माऊसकडे हात नेला, तर तिने माझं मनगट धरलं. इतकी वर्षं मी टाइप करून ताईच्या हाती देत होतो आणि चहा करायला आत जात होतो. त्यानंतर या खोलीत काय व्हायचं ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

"बटण बाई नाही दाबायच्या," प्रणाली म्हणाली. "ते आम्ही दाबतो."

मी उठलो, आणि तिला खुर्ची दिली.