यमुनाबाईंचा नमस्कार

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते, पण खरं सांगायचं तर हसत वाचते. पिंपळाखालची बाई, मागून येणारी पावलं... वाचायचं, चहा संपवायचा आणि कामाला लागायचं. मी दिलसुखनगरच्या एका कोचिंग सेंटरमध्ये इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. ध्वनी कशातून जातो, किती लांब जातो, हे फळ्यावर लिहून लिहून माझा उजवा खांदा कामातून गेलाय. अशा बाईनं या पानावर काहीतरी लिहावं याची मलाच लाज वाटतेय. तरी लिहिते, कारण डोक्यातून जात नाही.

माझं माहेर पुण्याचं. सासर मूळचं नांदेडकडचं, पण निजामाच्या काळापासून हैदराबादेत. आम्ही तारनाक्याला दुसऱ्या मजल्यावर राहतो – मी, नवरा गिरीश आणि सासूबाई. मुलगी नोकरीला बंगळुरात. सासूबाईंचं नाव यमुनाबाई, वय ऐंशीच्या पुढे. तीन वर्षांपूर्वी त्या बाथरूममध्ये पडल्या आणि खुबा मोडला. ऑपरेशन चांगलं झालं, पण पाय काही परत जमिनीला लागले नाहीत.

तेव्हापासून त्यांचं सगळं मीच करते. सगळं म्हणजे सगळं. अंग पुसणं, कूस बदलणं, पाठीला पावडर लावणं, चादरी... बाई ठेवायचा प्रयत्न आम्ही दोनदा केला. एकीला त्यांनी हातच लावू दिला नाही आणि दुसरीला असं काही बोलल्या की ती जेवायच्या आधीच निघून गेली. 'परक्या बाईचा हात नक्को. सुनीता आहे ना.' सुनीता म्हणजे मी. सुनीता होतीच. सकाळी घरातलं, मग दोन बस बदलून क्लास, संध्याकाळी पुन्हा घरातलं. मी भांडले नाही, रडलेही नाही. एवढंच की कुणी 'कशी आहेस' विचारलं की मला उत्तर द्यायचासुद्धा कंटाळा यायचा.

माझी नणंद शोभाताई नारायणगुड्याला राहते. एक दिवस ती पिशवी घेऊन आली आणि म्हणाली, "वहिनी, आरशात बघितलंत का स्वतःला? आठवडाभर मी राहते इथं. जाऊन या कुठंतरी." गिरीशनं लगेच अंदमानची तिकिटं काढली. आमच्या गिरीशरावांचा एक स्वभाव आहे. सगळे जिथं जातात तिथं त्यांना जायचं नसतं. जेल नको, ती प्रसिद्ध बेटं नकोत, पाण्याखाली फोटो काढणं तर नकोच. यांना हवी कुणाला फारशी माहीत नसलेली ठिकाणं. पोर्ट ब्लेअरहून जंगलातून वर जाणारा रस्ता, बाराटांग, मग रंगत. मी म्हटलं, मला कुठंही ने, फक्त झोपू दे.

मला वाटलं होतं सासूबाई तोंड वाकडं करतील. नाही केलं. म्हणाल्या, "जा ना. नक्को कोण म्हणायलंय? मी समुद्र बघितला नाही कधी. तू बघून घे आणि प्रत्येक ठिकाणी माझा नमस्कार सांग."

हे नमस्कार प्रकरण आमच्या घरचं जुनं आहे. कुणीही कुठं निघालं, मग ते तुळजापूर असो की दिल्ली, यमुनाबाईंचा नमस्कार बरोबर जातो. त्याचे नियम आहेत. नाव घेऊन, मोठ्यानं सांगायचा. मनातल्या मनात सांगितलेला पोचत नाही. आधी तिथं काय आहे ते त्यांना सांगितल्यासारखं सांगायचं, शेवटी नमस्कार. नमस्कार झाला की मागं वळून बघायचं नाही आणि तिथं दुसरं काही बोलायचं नाही. का? तर त्यानंतर बोललेलं त्यांच्या नावावर जातं. मुलगी लहान असताना याची नक्कल करून दाखवायची आणि सासूबाईच सगळ्यात जास्त हसायच्या.

बाराटांगला जंगलातून चढून गेल्यावर कुंपण घातलेला चिखल आहे. जमिनीतून आपोआप वर येतो. राखाडी, दाट, अधूनमधून एक बुडबुडा. ओळखीच्या माणसांनी इथवर येऊन 'हेच का?' म्हटलं असतं. मला मात्र ते आवडलं. कुणी काही करत नाही, कुणाला घाई नाही. मी व्हिडिओ कॉल लावायला फोन काढला, तर रेंजच नाही. गिरीश म्हणाला, "आता दोन दिवस विसर." मग मी फोन पर्समध्ये टाकला आणि नियमाप्रमाणे मोठ्यानं म्हटलं, "आई, इथं चिखल पिठल्यासारखा रटरटतोय, पण म्हणे गार आहे. यमुनाबाईंचा नमस्कार." शेजारी एक जोडपं होतं, ते जरा लांब सरकलं.

मग होडीतून खारफुटीच्या बोळातून चुनखडीच्या गुहेत गेलो. तिथंही सांगितलं. छतातून थेंब पडतो, तो नेमका माझ्या मानेवर पडला, तेही सांगितलं. नमस्कार.

दुसऱ्या दिवशी दुपारी रंगतजवळ धानीनल्ल्याला. खारफुटीच्या दाट रानातून एक लांबच लांब लाकडी पूल जातो आणि अचानक संपतो तो समुद्रावर. चिटपाखरू नव्हतं. वनखात्याचा एक माणूस वाटेत भेटला होता. त्यानं सांगितलं की इथं कासविणी येतात, वाळूत खड्डा करून अंडी घालतात, वाळूनं झाकतात आणि परत पाण्यात जातात. "फिर पलट के नहीं देखते, मॅडम." गिरीशचा गुडघा बोलायला लागला होता, म्हणून तो पुलाच्या टोकाशी बाकावर बसला. मी एकटीच पाण्यापर्यंत गेले. चपला मागं काढून ठेवल्या.

"आई, लाकडाच्या पुलावरून आले, हा समुद्र. इथं कुणीच नाही. पाणी हिरवं आहे. यमुनाबाईंचा नमस्कार."

इथं थांबायला हवं होतं. पण पाय पाण्यात होते, डोक्यात ती कासवीण होती आणि तिचा मला इतका हेवा वाटला... तीन वर्षांत न बोललेलं तोंडातून आपोआप बाहेर आलं. "मला परत नाही जायचं. मी थकले. त्या खोलीचा वास आता सहन नाही होत मला." मोठ्यानं नाही म्हटलं. लाटांच्या आवाजात माझं मलाच धड ऐकू आलं नाही. मग बराच वेळ रडले. तोंड धुतलं, चपला घातल्या आणि खाली मान घालून परत आले.

परत पोर्ट ब्लेअरला पोचल्यावर फोनला रेंज आली आणि शोभाताईचाच फोन आला. म्हणाली, "वहिनी, घाबरू नका, आई ठीक आहे. पण काल दुपारी अचानक म्हणाली, बाई बघ माझ्यासाठी. आजच बघ. मी म्हटलं वहिनी आल्यावर बघू, तर ऐकेचना." बाई मिळालीही होती. लक्ष्मी नावाची, मौला अलीहून येणारी.

मला वाटलं, शोभाताईनं समजूत घातली असेल आणि श्रेय आईला देतेय. तिचा स्वभाव तसा आहे.

आम्ही घरी पोचलो तेव्हा सासूबाईंची वेणी घातलेली होती आणि लक्ष्मी त्यांना मऊ भात भरवत होती. त्या निमूट खात होत्या. मी बॅग ठेवली, हातपाय धुतले, जवळ बसले आणि सुरुवात केली, "आई, काय काय सांगू..."

"सांगितलंस की सगळं," त्या म्हणाल्या. "ते चिखलाचं पिठलं. गुहेत मानेवर थेंब पडला. लाकडाचा पूल. हिरवं पाणी." घास गिळून म्हणाल्या, "आणि तो पांढरा कुत्रा तुझ्या मागं बसला होता. चपलेवर."

मी गिरीशकडे बघितलं. कुत्रा मी बघितलाच नव्हता. गिरीश दारातच उभा होता, बॅगेचा पट्टा हातात तसाच. म्हणाला, "होता. तू गेल्यापासून बसून होता. तू रडतेयस ते दिसलं मला, म्हणून हाकललं नाही त्याला. तू वळायच्या जरा आधी उठून गेला."

सासूबाईंनी लक्ष्मीला तेलुगूत "टी पेट्टम्मा" म्हणून चहाला पाठवलं आणि गिरीशलाही बाहेर जायला सांगितलं. मग माझा हात धरला. त्यांच्या हाताला आता जोर नसतो, तरी धरला.

"बहुत थकलीस ना गं."

मी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

"खोलीचा वास मलापण येतो, सुनीता. मला वाटलं तुला सवय झाली."

माझी अवस्था काय झाली ते लिहिता येत नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी कुणीतरी पाठीवरचं पोतं उतरवून घेतल्यासारखंही. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडले. त्या पायांना काही कळत नाही हे मला माहीत आहे. त्या म्हणत राहिल्या, "हौ, हौ, रड."

नंतर मी माझ्यापरीनं सगळं तपासलं. गिरीशनं फोन केला असेल का? त्याच्याही फोनला रेंज नव्हती, आणि बाकावरून त्याला माझे शब्द ऐकू येणं शक्य नाही. माझी पाठ त्याच्याकडे होती, मध्ये लाटा होत्या. मी फोनमध्ये काही रेकॉर्ड केलेलं नव्हतं. शोभाताईला विचारलं तर ती आधी टाळत होती. मग म्हणाली, "तुम्ही घाबराल म्हणून बोलले नाही, वहिनी. त्या दोन्ही दिवशी आई भिंतीकडे बघून हौ हौ करायची, कुणी समोर बसून सांगत असल्यासारखं. मला वाटलं वयानं डोकं फिरायलंय. दुसऱ्या दुपारी एकदम गप्प झाली. डोळ्यांतून पाणी. थोड्या वेळानं म्हणाली, बाई बघ."

लक्ष्मी अजून येते. दुपारी क्लास नसला की मी आता झोपते, गाढ झोपते. सासूबाई तिच्याशी तेलुगूत भांडतात, पण अंग पुसून घेतात. खोलीची खिडकी दिवसभर उघडी असते.

आवाज इतका लांब जात नाही. मी हे दर वर्षी शिकवते आणि यंदाही शिकवलं. मधे एकदा बोलता बोलता थांबले, तेवढंच. कुणाकडे याचं उत्तर असेल तर मला ऐकायचंय.

सासूबाईंना यात विशेष काही वाटत नाही. मागच्या आठवड्यात मी त्यांची नखं कापत होते, तेव्हा धीर करून विचारलं, "आई, खरंच कसं ऐकू आलं तुम्हाला?"

"माझं नाव घेऊन बोललीस, ऐकू आलं," त्या म्हणाल्या. बोट माझ्या हातात तसंच ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "समुद्रापल्याडून सांगितलंस. तीन वर्षं शेजारच्या खोलीत होतीस, तिथून का नाही सांगितलंस?"

मी पुढचं बोट हातात घेतलं.