बुरुजातल्या माणसाची हवाई छत्री

ब्याऐंशी-त्र्याऐंशी साल असेल. बोरीवलीच्या आमच्या वन रूम किचनमध्ये माझी लिहायची जागा म्हणजे ओटा आणि फ्रिज यांच्या मधली. मांडीवर पाट, पाटावर कागद. कुणाला गार पाणी हवं असलं की फ्रिजचं दार उघडण्यासाठी मला उठावं लागायचं. पाच माणसांच्या घरात गार पाणी सारखंच हवं असतं.

पार्ल्याचे एक संपादक मला दिवाळी अंकासाठी इंग्रजी लेख मराठीत करायला द्यायचे. त्या वर्षी त्यांनी महायुद्धातल्या एका विमानाचा इतिहास दिला. शिवाय कचेरीत येऊन मुद्रितं तपासायची नोकरी देऊ केली. शनिवारी लेख देताना काय ते सांगायचं होतं. मला ती नोकरी हवी होती, भूक लागावी तशी हवी होती. नवरा म्हणाला, "आईला विचार." सासूबाई गोड बाई. "कशाला गं ती दगदग? घरबसल्या लिही ना, कोण नको म्हणतंय?" भांडायला त्या जागाच ठेवत नसत.

विमानातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. तरी डोकं खुपसलं. बोटीवर मावावं म्हणून त्याचे पंख मिटायचे आणि पोटात टॉर्पेडो घेऊन ते समुद्रालगत उडायचं. पहिल्याच लढाईत सहा निघाली, एकच परतलं. त्याच्याही मागच्या काचेच्या बुरुजातला बंदूकवाला मेलेला. तो बुरूज इतका अरुंद, की हवाई छत्री पाठीला बांधून आत बसताच येत नसे. ती खाली ठेवलेली असे. विमान पडू लागलं तर आधी बुरुजातून उतरायचं, छत्री बांधायची, मग दार गाठायचं. हे वाचून माझाच जीव गुदमरला. मी सरळ लिहून टाकलं, की तो छत्री बांधूनच बसे.

शनिवारी संपादकांनी माझ्यासमोरच मूळ लेखाशी ताडून पाहिलं. त्या ओळीवर ते थांबले.

"बाई, हे कुठनं आणलंत?"

"चुकलं."

"चुकलं नाही, तुम्ही बदललंय. इतिहास आहे हा, इथे आपल्या मनाचं चालत नाही. नीट करा."

मी ओळ खोडली. त्याची छत्री सोडवून पुन्हा खाली ठेवली. मला भयंकर राग आला होता. संपादकांचा नव्हे, त्या बुरुजात मुकाट्याने चढून बसणाऱ्या माणसाचा.

"मग, सोमवारपासून येताय ना?" त्यांनी विचारलं.

खिडकीशी एक रिकामं टेबल होतं. तिथून मला कुणी उठवलं नसतं.

"घरूनच करीन," मी म्हटलं.

घरी सासूबाईंनी माझा चहा झाकून ठेवला होता. "दिलास लेख? बघ, घरबसल्या होतं की नाही सगळं? मी कधी नको म्हटलं का?"

"नाही," मी म्हटलं आणि बाजूला सरकले. त्यांना फ्रिजमधून दूध काढायचं होतं.