ढग हाकलणाऱ्या बाई

ढग आला की बाई गच्चीवर उभ्या राहून हात झाडायच्या. सुकत घातलेल्या मासळीवरचे कावळे हाकलावेत तशा. "सर रे बाबा, पुढे सर!"

त्यांचे यंत्र सूर्याकडे बघत बसायचे. हवेतले वायू उन्हातले ठरावीक रंग वाटेतच गिळतात. कुठला रंग किती उणा झाला, त्यावरून कुठला वायू किती, ते कळते. त्यासाठी त्या गोव्याहून आचऱ्याला आल्या होत्या. आमच्या शेजारच्या काकींच्या घराची गच्ची भाड्याने घेतली होती. मी गावचाच, त्यांचा मदतनीस.

आमच्याकडची भाजावळ तुम्ही पाहिली असेल. पावसाआधी पालापाचोळा जाळून भाताच्या रोपांची जागा भाजतात. त्या धुराने मोजणी बिघडायची. बाई घरोघर गेल्या. गोव्याच्या वळणाच्या मालवणीत म्हणाल्या, "भाजा, पण आदल्या दिवशी माका सांगा. तो दिस मी बाजूक ठेवतंय. तुमचां नाव भायर जावचां नाय."

मग लोक गच्चीखालून हाका मारू लागले. "बाई, उद्या आमची भाजावळ आसा हां!"

"बरां झालां, माका सुट्टी!"

आणि सुट्टीच्या दिवशी त्याच धुरात खोकत, निखाऱ्यात भाजलेल्या फणसाच्या आठळ्या सोलत बसायच्या.

एकदा वरचे साहेब आले. बाई बाजारात गेल्या होत्या. "हे दिवस वगळले का?" त्यांनी विचारले. मला नोकरीत कायम व्हायचे होते. चहा देता देता मी कारण सांगितले, आणि न विचारता कोणी कधी जाळले तेही सांगितले.

पुढच्या महिन्यात तीन घरांना भाजावळ केल्याबद्दल सरकारी नोटिसा आल्या.

देवळात गाव जमला. "आम्ही विश्वासान सांगितलां, बाई, आणि तुम्ही आमकाच विकलात?" एक म्हातारा ओरडला.

"मी नाय सांगूक," बाई म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी खाली बघितले. त्यांनी माझे नाव घेतले नाही.

काकींनी गच्ची सोडायला सांगितली. यंत्र टेम्पोत चढवताना बाई मला एवढेच म्हणाल्या, "काच सांभाळ."

मी कायम झालो. यंदा बाई वारल्याचे कळले, तेव्हा काठी टेकत काकींकडे गेलो आणि सगळे सांगितले.

काकी तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"आमका तेव्हाच म्हायत होतां रे," त्या म्हणाल्या. "पण तू गावचो. ती भायली."