पोस्टातला डॉक्टर

माझा आतेभाऊ न्यूरोसायन्स शिकलाय असं म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे पांढरा कोट, काचेचा दवाखाना आणि बाहेर चपलांची रांग आली असणार. येऊ दे, माझं काय जातं. कोट त्याच्याकडे आहे, पण तो आत्या काजू भाजताना घालते. दवाखाना नाही. आणि चपलांची रांग लागली ती एकदाच, तो पहिल्यांदा सुट्टीला पार्से गावात आला तेव्हा. आत्याचा मुलगा शिरांचा डॉक्टर होऊन आला अशी बातमी फुटली होती. शेजारची काकी पोटरी धरून आली, तिच्या मागून माना अवघडलेले दोघे. ह्याने त्यांना सोप्यावर बसवलं आणि शांतपणे सांगितलं की मी डॉक्टर नव्हे, मेंदू कसा शिकतो ते मी शिकतो. काकी उठली आणि म्हणाली, "पुता, इतकी वर्सां शिकलंस आणि साधी शीर चोळूंक येना?" तेव्हापासून काकी कुठे दुखलं तरी ह्याला सांगत नाही. ह्याला वाटतं तिला बरं वाटतंय.

पण एक मान्य केलं पाहिजे, आपल्या मेंदूला इतका जपणारा आणि व्यवहारात इतका कमी वापरणारा माणूस सगळ्या पेडणे तालुक्यात दुसरा सापडायचा नाही. हरमलच्या रस्त्यावर पर्यटक उघड्या डोक्याने स्कूटर उडवतात ते बघून ह्याचा जीव खालीवर होतो. स्वतः तर माडाखालून जातानाही हेल्मेट घालतो. सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा हॉर्न वाजला की हा हेल्मेट चढवून गेटपर्यंत बारा पावलं चालतो आणि पाव घेतो. नव्या पोदेराने पहिल्या दिवशी इकडेतिकडे बघून विचारलं, "गाडी खंय?" घरात कोणी भूक लागली म्हणायची सोय नाही, लगेच सांगतो की भूक तुला नाही, मेंदूला लागते. आत्या म्हणते, मग मेंदूलाच वाढते, तू बस बघत. आणि काहीही विचारा, उत्तराआधी कपाळावर बोट ठेवून हा थांबतो. चहा घेणार काय विचारलं तर "हो" येईपर्यंत चहावर साय धरते. ते बोट आणि ते थांबणं मी इतकं हुबेहूब करतो की आमच्या डिचोलीत लोक खऱ्यापेक्षा मलाच जास्त ओळखतात.

तर बेंगळूरला मोठ्या विद्यापीठात नऊ वर्षं घालवून, डॉक्टरेट घेऊन हा काय करतो म्हणाल तर माशांची शाळा चालवतो. पिकल्या फळांवर घोंगावतात त्या बारीक माशा. त्यांना एक वास देतो, वासाबरोबर विजेचा बारीक चिमटा देतो आणि दुसऱ्या दिवशी बघतो की माशी त्या वासाला टाळते की विसरून परत जाते. आमचे मास्तर छडीने हेच करत, फक्त माशा दुसऱ्या दिवशी पास होतात. काजूच्या दिवसांत घरी आला तर बोंडांवरच्या माशा पकडून बाटल्यांत भरतो, वर कापसाचा बोळा, आत रवा-गुळाची खीर. ती खीर आत्याच्या चांगल्यातल्या टोपात शिजते, आणि मग आठवडाभर आत्या त्या टोपाकडे बघत नाही आणि मुलाकडेही.

अशा माणसाचं लग्न जमवायचं होतं. तेहतिसावं लागलेलं, दोन स्थळं फिरून गेलेली. ह्या वर्षी नार्व्याचं स्थळ आलं. पत्रिका जुळली, फोटो पसंत पडला, राहिला फक्त बघण्याचा कार्यक्रम. नार्व्याची माणसं पार्श्यालाच येणार होती. हा गप्प बसला तर बोलायला कोणीतरी हवं म्हणून आत्याने मला मुद्दाम बोलावून घेतलं. माणसाची एकेक हौस असते.

मुलीचे वडील वीज खात्यातून रिटायर झालेले. त्यांनी सरळ विचारलं, ह्या शिक्षणातून पुढे नोकऱ्या कसल्या मिळतात. ह्याने प्रामाणिकपणे यादी दिली. कॉलेजात शिकवता येतं, औषधाच्या कंपनीत जाता येतं, हॉस्पिटलात मेंदूची मशिनं असतात तिथे, आणि हल्ली कॉम्प्युटरवालेही बोलावतात. वडील खूश. मग तुम्ही यातलं काय करणार? हा म्हणाला, "मी पोस्टडॉक करणार."

"पोस्टात?" वडील पुढे सरकले. "पोस्टात डॉक्टर ठेवतात हे माहीत नव्हतं. पण मग सेंट्रल गवर्मेंट झालं. पेन्शन असणार."

आत्याने खालूनच हाताने खूण केली, गप्प रहा. लग्न तिथेच जमलं होतं. पण खोटं बोलायचा भाग ह्याच्या मेंदूत देवाने बसवलेलाच नाही. त्याने समजावून सांगितलं की पोस्ट म्हणजे नंतर, डॉक्टरेटनंतर दोन वर्षं दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत काम, मग परत दोन वर्षं दुसरीकडे.

"म्हणजे कंत्राटी," वडील म्हणाले आणि मागे टेकले.

तेवढ्यात मुलीने पहिल्यांदा तोंड उघडलं. तिला माशांचं कोणीतरी सांगितलं असावं. म्हणाली, "माशी परत त्याच वासाकडे गेली तर ती विसरली असं कसं म्हणता? आठवत असूनही जात असेल."

ह्याचं बोट कपाळावर गेलं. सगळे वाट बघायला लागले. वडिलांनी घड्याळ बघितलं. आत्याने माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं हीच माझी वेळ. मी बोट कपाळावर ठेवलं, त्याचाच आवाज काढला आणि म्हटलं, "सोप्या भाषेत सांगायचं तर, मी दिवसभर माशा मारतो."

काय हसले. वडिलांना ठसका लागला. मुलगीही हसली, पण मग खाली बघत बसली. हसून झाल्यावर कोणी प्रश्न विचारला नाही. उत्तर द्यायला ह्याने उघडलेलं तोंड ह्यानेच मिटलं. तिसऱ्या दिवशी मध्यस्थाचा निरोप आला की पत्रिका जुळत नाही.

आत्याने फोनवरून मला धुतलं, तुझ्या जिभेक हाड ना म्हणाली, ते चालायचंच. पण चौथ्या दिवशी हा डिचोलीला आला. थांबणंबिंबणं नाही, दारातच सुरू झाला.

"हसवलंस, बरं केलंस. मी मारतो म्हणालास तेही सोड. पण तिने काय विचारलं ते ऐकलंस तू? नऊ वर्षं झाली, लोक मला पगार विचारतात, नाही तर शीर दाखवतात. असला प्रश्न घरात बसून मला आजवर कोणी विचारला नव्हता. नकाराचं मी बघून घेईन. पण माझं उत्तर तयार झालं होतं रे, आणि तू ते बोलू दिलं नाहीस."

मी खाली मान घालून विचारलं, काय होतं उत्तर.



"ऐकायला विचारतोस, की नक्कल करायला?"