रविवारची ए शिफ्ट

“बसून काय करून राहिल्या, ताई?”

मेंदीच्या कुंपणावरून तिची मान वर यायची ती या प्रश्नासकट. मी तांदूळ निवडत असेन, स्वेटर विणत असेन, नाहीतर मुलाचं प्रगतिपुस्तक वाचून डोक्याला हात लावून बसले असेन; तिच्या लेखी मी नुसतीच बसलेली. उत्तरासाठी ती थांबत नसे. मी तोंड उघडेपर्यंत तिचा पदर कमरेला खोचलेला असायचा आणि ती फाटकाबाहेर गेलेली असायची.

शेजारीण तुम्हालाही असेल. कोणाची भांडखोर असते, कोणाची विरजण मागणारी असते. नवऱ्याबरोबर रस्त्यावरून धावणारी शेजारीण मात्र आमच्या अख्ख्या सेक्टरात एकच होती आणि ती नेमकी माझ्या वाट्याला आली होती. मला तिचा हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे मी केलं ते त्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही.

भिलाईतलं आमचं जोड क्वार्टर. मधली भिंत एक, त्यामुळे तिकडचं हसणं आमच्याकडे नीट ऐकू यायचं. आमच्याकडून तिकडे फार काही ऐकू जात असेल असं नाही. तिचे मिस्टर आणि आमचे हे, दोघं पोलाद कारखान्याच्या एकाच मिलमध्ये क्रेन चालवायचे. आमच्या ह्यांना बोलायची हौस नव्हती. ड्युटीवरून आले की हातपाय धुवायचे, जेवायचे, पेपर वाचायचा. बाजारात निघालो तर हे दहा पावलं पुढे आणि मी पिशवी घेऊन मागे. नवरा वाईट होता का? नाही. पण चांगला आहे असं मी कधी छातीवर हात ठेवून म्हटलं नव्हतं.

ती वैनगंगेच्या काठची. लहानपणी म्हशीच्या पाठीवरून नदीत उडी मारायची म्हणे. क्लबच्या तलावात तिनं पहिल्यांदा उडी मारली तेव्हा अंगात पंजाबी ड्रेस होता आणि वय होतं अडतीस. दोन दिवस सगळ्या बायकांनी नाकं मुरडली. तिसऱ्या दिवशी दोघी-तिघींनी तिला हळूच विचारलं, “पाण्यात भीती नाही का वाटत?” मिस्टरांना तिनंच पोहायला शिकवलं. त्या बदल्यात त्यांनी तिला सायकल शिकवली, सीट धरून तिच्यामागे पळत. मी खिडकीतून बघायचे आणि भाजी खाली लागायची.

त्या वर्षी क्लबनं मोठी स्पर्धा ठरवली. तलावात चाळीस फेऱ्या, मग सायकलनं चरोद्यापर्यंत दोन खेपा, आणि त्यानंतर कुरुदच्या रस्त्यानं धावत जाऊन परत. त्यात एक गट नवरा-बायकोचा. दोघांनी सगळं पुरं करायचं आणि शेवटची रेघ सोबत ओलांडायची. त्या गटात नावं आली तीन. त्यातली दोन जोडपी नाव देऊन घाबरली. राहिले हे दोघं.

वर्षभर त्यांची तयारी चालली होती, तीही शिफ्टच्या हिशेबानं. सकाळपाळी असली की संध्याकाळी सायकल. नाइट असली की ते सहाला सुटून परस्पर तलावावर यायचे आणि ही टॉवेल घेऊन तिथे उभी असायची. “झोपू द्या की त्यांना,” मी एकदा म्हटलं. “झोप काय, मेल्यावर हायेच,” ती म्हणाली. आमच्याकडे नाइट करून आलेल्या माणसाला उठवणं म्हणजे पाप. घरात मिक्सर बंद, रेडिओ बंद, मुलं मागच्या अंगणात. तुम्ही कारखान्याच्या गावात राहिला असाल तर हे सांगायला नको.

एकदा मी धीर करून ह्यांना म्हटलं, “आपणही सकाळी फिरायला जाऊ या का?” ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं. “कावून? तुले बीपी निघाला का?”

त्यानंतर मी विचारलं नाही. पण भिंतीपलीकडून हसू आलं की माझ्या पोटात दुखायचं.

स्पर्धा होती रविवारी आणि त्या रविवारी तिच्या मिस्टरांची ए शिफ्ट, म्हणजे सकाळी सहा ते दोन. त्यांनी म्युच्युअल करून ठेवलं होतं. म्युच्युअल म्हणजे माझ्या जागी आज तू ड्युटी कर, तुझ्या जागी उद्या मी करीन. त्यांच्या सेक्शनात हे तोंडीच चालायचं, शब्दावर. ज्याच्याशी ठरलं होतं तो शनिवारी सकाळी तापानं फणफणला. आमच्या ह्यांची नाइट त्याच सकाळी संपली होती आणि रविवार सुटीचा होता. ती दुपारी बाराला कुंपणाशी आली. पहिल्यांदाच तिनं मी बसून काय करते ते विचारलं नाही.

“ताई, भाऊजी उठले की सांगजा. उद्या सकाळची आमच्या यायची ड्युटी करून देतीन का म्हणा. पुढच्या कोणत्याही दिवशी हे त्यायची करतीन.”

“झोपलेत,” मी म्हटलं.

“म्हणून तर उठवून नाही राहिली. सांगजा मात्र, विसरू नका.”

हे चारला उठले. मी चहा दिला. निरोप जिभेवर होता. ह्यांनी चहा पिऊन कप खाली ठेवला आणि दुर्गला बहिणीकडे जाऊन येतो म्हणाले. चला म्हणाले नाहीत, जाऊन येतो म्हणाले. मी निरोप गिळून टाकला. असं काही मी ठरवून केलं नाही, पण विसरलेही नव्हते. इतक्या वर्षांनी खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी ती पुन्हा आली. मिस्टर क्लबमध्ये छातीवर लावायचे नंबर आणायला गेले होते. “सांगितलं का भाऊजींले?”

“सांगितलं,” मी म्हटलं. “जातील ते.”

रविवारी सकाळी अर्धा सेक्टर तलावावर लोटला होता. जानेवारीची थंडी, बायका शाली गुंडाळून उभ्या. मीही होते. हे घरी झोपले होते. तिचे मिस्टर हाफपँट-बनियनवर, अंगाला तेल चोळून, कुडकुडत उड्या मारत होते आणि ती त्यांना हसत होती. सुरू व्हायला पंधरा मिनिटं असतील, तेवढ्यात मिलमधला एक माणूस सायकल मारत आला. रात्रपाळीचा क्रेनवाला अजून वरच बसून होता. बदलीचा माणूस चढल्याशिवाय त्याला उतरता येत नाही.

तिच्या मिस्टरांनी गर्दीवरून नजर फिरवली. आमच्या ह्यांना शोधत असणार. आमचं घर तिथून दहा मिनिटांवर. ‘घरीच आहेत, उठवून आणते,’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी शाल सारखी केली आणि मूग गिळून उभी राहिले. तिनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच पाहिलं.

“मले जा लागते,” ते म्हणाले. “तो रातपासून वर बसून हाय.”

“जा,” ती म्हणाली. “मी सुरू करते.”

क्लबच्या सेक्रेटरींनी समजावलं, की बाई, जोडीचा गट आता बाद झाला. ती म्हणाली, “पोहू त द्या.” आणि उडी मारली.

ती पोहली. चरोद्याच्या दोन खेपा केल्या. कुरुदच्या रस्त्यानं धावून आली तेव्हा बारा वाजायला आले होते, तोंड लालबुंद झालं होतं आणि एका पायाचा कॅनव्हासचा बूट फाटून अंगठा बाहेर आला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चुन्याच्या रेघेपासून दोन हात अलीकडे ती थांबली आणि तिथेच बाजूला मातीत बसली. सेक्रेटरी म्हणाले, या, ओलांडा. तिनं मान हलवली.

“दोघायचं नाव लिहिलं हाय. ते आले की ओलांडतो आमी.”

मी घरी गेले, भात टाकला, मुलांना वाढलं. मन लागेना म्हणून परत गेले. मांडव उतरला होता, खुर्च्या गेल्या होत्या, सेक्रेटरीही गेले होते. ती तिथेच, गुडघ्यांना हात घालून. अडीचच्या सुमारास तिचे मिस्टर ड्युटीच्या कपड्यांत आले, डोक्यावर हेल्मेट तसंच. त्यांनी सायकल लिंबाला टेकवली. काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही. तिला हात देऊन उठवलं आणि दोघांनी ती विस्कटलेली रेघ ओलांडली. बघायला तिथे मी होते आणि एक गाय होती.

तुम्हाला वाटेल, मला तेव्हा लाज वाटली असेल. लाज नंतर वाटली. त्या क्षणी मला आधीपेक्षा जास्त हेवा वाटला. मी त्यांची स्पर्धा घालवली होती आणि तरी माझ्या हाती काहीच लागलं नव्हतं.

सोमवारी हे ड्युटीवरून आले. हातपाय धुतले नाहीत.

“वहिनीनं तुह्यापाशी निरोप देला होता?”

“हो.”

“मंग?”

“तुम्ही झोपले होते.”

“चार वाजता त उठलो होतो.”

मी पोळ्या लाटत राहिले. हे चप्पल घालून शेजारी गेले. भिंत एकच, सगळं ऐकू आलं.

“वहिनी, चूक माही हाय. हिनं सांगितलं होतं मले. मीच विसरून गेलो.”

ती म्हणाली, “होते असं, भाऊजी. चहा घेता का?”

हे परत आले, जेवले आणि पेपर घेऊन बसले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

सेक्शनात मात्र ह्यांचं नाव खराब झालं. शब्द देऊन न येणारा माणूस म्हणून दोन वर्षं ह्यांच्याशी कोणी म्युच्युअल करेना. सख्ख्या भाच्याचं लग्न नागपूरला होतं, सुटी मंजूर झाली नाही, आणि ह्यांच्या जागी उभं राहायला कोणी तयार नव्हतं. मी मुलांना घेऊन गेले. मामा का आले नाहीत, असं जो तो विचारी. ‘ड्युटी,’ मी सांगायचे. बायको निरोप द्यायची राहिली, एवढं एक वाक्य सेक्शनात बोलले असते तर ह्यांची सुटका होती. ते बोलले नाहीत. शेवटी ह्यांच्याशी पुन्हा म्युच्युअल करायला जो पहिला माणूस तयार झाला, तो तिचा नवरा.

क्लबनं ती स्पर्धा पुन्हा घेतली नाही. पुढच्या वर्षी नुसती सायकलची शर्यत ठेवली, तीही पुरुषांची. ते दोघं तरीही पहाटे धावत राहिले, कुठेही नाव न देता. ती कुंपणावरून बोलायची, हसायची, विरजण न्यायची. त्या रविवारबद्दल तिनं अवाक्षर काढलं नाही. मला ते जास्त जड जायचं. दोन शिव्या दिल्या असत्या तर मी मोकळी झाले असते.

मग तिचे मिस्टर रिटायर झाले. क्वार्टर सोडायचं, भंडाऱ्याकडे गावी जायचं ठरलं. ट्रक दाराशी लागला. कपाटं चढली, पलंग चढला. आमचे हे सकाळपासून सामान उचलायला होते. मी चहाचं तबक घेऊन गेले. तिनं माझा हात धरून मला रिकाम्या स्वयंपाकघरात नेलं.

“ताई, एक विचारू का? त्या दिवशी निरोप नाही देला, ते भिंतीतून ऐकलं मी. होते. पण ‘सांगितलं’ म्हणून कावून म्हटलं?”

इतकी वर्षं मी उत्तरं तयार करून ठेवली होती. त्यातलं एकही दिलं नाही.

“मला तुमचा हेवा वाटे,” मी म्हटलं. “तुमच्या दोघांचा.”

ती चक्क हसली.

“माहा? अहो, आमचे हे असते न भाऊजींच्या जागी फसलेले, त अख्ख्या मिलमधे सांगत फिरले असते, बायकोनं घोळ केला म्हणून. तोंडात तीळ भिजत नाही त्यायच्या. भाऊजींनी दोन वर्षं काढले, तुमचं नाव तोंडातून काढलं नाही. भिंतीपलीकडे बसून मी मनात म्हणो, पाहा, माणूस असा असते.” तिनं माझ्या हातातलं तबक काढून ओट्यावर ठेवलं. “मीबी जळली तुमच्यावर, ताई. लय जळली.”

बाहेर आलो तेव्हा हे ट्रकच्या मागे तिची सायकल दोरीनं बांधत होते. गाठ मारली, ओढून पाहिली, पटली नाही, सोडून परत मारली. शर्ट पाठीला चिकटला होता, मानेवरचे केस पार पांढरे झाले होते. ते कधी झाले, मला माहीत नव्हतं.

ती पुढे ड्रायव्हरशेजारी चढली, मिस्टर तिच्या बाजूला. ट्रक सुरू झाला. तिनं हात बाहेर काढून हलवला.

“काय म्हणत होत्या वहिनी?” ह्यांनी हात झटकत विचारलं.

“तुमच्याबद्दल बोलत होत्या.”

“माह्याबद्दल? काय बोलासारखं हाय माह्याबद्दल?” म्हणत हे फाटकाकडे वळले.

जाणाऱ्याची गाडी वळणाआड होईपर्यंत उभं राहायची आपल्याकडे रीत आहे. त्या दिवशी मला तेवढंही थांबवेना. ट्रक अजून कोपऱ्यावर दिसत होता, तिचा हात अजून बाहेर होता, आणि मी ह्यांच्या मागोमाग घरात गेले.